चित्रपटांतील गाजलेल्या चाली देवगिरीच्या काळात नेऊन बसवता येतील का?

बालाघाट (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. २०२० च्या टाळेबंदीत युरोप-अमेरिकेत एक संगीतप्रकार फार झपाट्याने पसरला. आजची गाजलेली गाणी घ्यायची आणि ती बाराव्या-तेराव्या शतकातल्या एखाद्या भाटाने गायली असती तर कशी वाटली असती, हे कल्पून ल्यूट, हार्प, बासरी आणि हर्डी-गर्डी (चाक फिरवून वाजवायचे तंतुवाद्य) या वाद्यांवर ती पुन्हा उभी करायची, अशी ती रीत आहे. त्यातल्या एका गायिकेने तर १०९८ ते ११७९ या काळात होऊन गेलेल्या हिल्डेगार्ड या जर्मन साध्वी-रचनाकर्तीच्या नावावरूनच आपले टोपणनाव घेतले. गाण्यांच्या मागोमाग चित्रपटांचे पार्श्वसंगीतही या साच्यात येऊ लागले आणि मी ते सारे मन लावून ऐकत आलो आहे.

ऐकताना दोन जाती स्पष्ट दिसतात. पहिल्या जातीत केवळ वाद्ये बदललेली असतात. चाल, तिच्याखालची स्वरसंगती आणि ठेका जसेच्या तसे राहतात. दुसऱ्या जातीत चालीची मोडणीच नव्याने होते. उदाहरण म्हणून जॉन विल्यम्स यांनी 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या १९८० च्या चित्रपटासाठी रचलेले, खलनायकाच्या आगमनाचे प्रसिद्ध संचलन घेऊ. आपल्या पद्धतीने म्हटले तर त्याची सुरुवात 'सा सा सा' अशी होते. मग मंद्रातला कोमल धैवत, मध्य सप्तकातला कोमल गंधार आणि पुन्हा षड्ज. दुसऱ्या ओळीत पंचम तीनदा येतो, त्याच्यावर कोमल धैवत लागतो आणि खाली उतरताना षड्जाच्या लगत खाली अचानक शुद्ध निषाद येतो. हा निषाद तिथे आला तो चालीच्या अंगभूत गरजेमुळे नव्हे. खाली जी मायनर आणि ई फ्लॅट मायनर या दोन दूरच्या स्वरसंघांची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, अदलाबदल चालू असते आणि दुसऱ्या स्वरसंघाला तो स्वर लागतो, म्हणून तो येतो. संचलनातला सारा भयभाव त्या अदलाबदलीत आहे.

युरोपच्या मध्ययुगात अशी स्वरसंगती नव्हतीच. मठातले गायन एकपदरी होते. फार तर मूळ सुरावटीला समांतर पंचमाची किंवा चौथ्या स्वराची जोड देत. म्हणजे त्या काळाशी प्रामाणिक राहायचे, तर खालचे स्वरसंघ जातात, ते गेले की शुद्ध निषादाला तिथे राहण्याचे कारण उरत नाही आणि चाल कोमल निषादाकडे वळते. पुढे एकेका अर्ध्या स्वराने घसरणारी जी उतरण आहे, तिचेही सरळ स्वरांत रूपांतर करावे लागते. जे उरते ते मूळ संचलनापेक्षा गंभीर आणि काहीसे प्रार्थनेसारखे ऐकू येते. चांगल्या कलाकारांनी हे केले आहे आणि ते ऐकताना एक नवीनच रचना हाती लागल्याचा आनंद होतो.

आता माझा मूळ प्रश्न मांडतो. आपल्याकडच्या चित्रपटगीतांना असे रूप द्यायचे ठरवले, तर आपण ल्यूट आणि हार्प उसने का घ्यावेत? तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी देवगिरीला राहून शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. स्वर, राग, प्रकीर्णक (संकीर्ण विषय), प्रबंध (बांधीव गीतरचना), ताल, वाद्य आणि नृत्य अशा सात अध्यायांचा, सबंध भारताच्या संगीताला आधार ठरलेला हा ग्रंथ आपल्या मराठवाड्यात सिद्ध झाला. चित्रपटाची चाल घेऊन त्या ग्रंथाच्या दाराशी जाता येईल का, आणि जाता आले तर काय सोडावे लागेल व काय धरावे लागेल, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

गोदातीर (नांदेड)

विषय उत्तम आहे. मात्र हे काम आपल्या चित्रपटसृष्टीने फार पूर्वीच केले आहे असे मला वाटते. 'बैजू बावरा' (१९५२) आणि 'मुगल-ए-आझम' (१९६०) या दोन्ही चित्रपटांत नौशाद यांनी अकबराचा काळ संगीतातून उभा केला. मग नव्याने काय करायचे उरते?

बालाघाट (अंबाजोगाई)

गोदातीर दादा, त्या दोन्ही चित्रपटांचे संगीत मला अत्यंत प्रिय आहे, आणि तरीही ते अकबराच्या काळाचे संगीत नाही. 'बैजू बावरा'तील जुगलबंदी उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुस्कर यांनी गायली, 'मुगल-ए-आझम'मध्ये तानसेनासाठी बडे गुलाम अली खाँ यांचा आवाज आहे. तिघेही विसाव्या शतकातले थोर ख्यालगायक होते. तानसेन ध्रुपद गात असे. ख्यालाला दरबारात मान मिळाला तो अठराव्या शतकात, महंमदशहा रंगीले याच्या दिल्लीत, सदारंगाच्या रचनांमुळे. त्या चित्रपटांनी जुन्या काळाचा भाव आपल्या मनात जागवला आणि त्यासाठी आपल्याला ओळखीचे असलेले सर्वांत उंच संगीत वापरले. चित्रपटाचे ते कामच आहे. माझा प्रश्न उलट्या दिशेचा आहे: चाल आजची, आणि तिला घडवणारे नियम मात्र जुने.

मांजराकाठ (लातूर)

मी पखवाज वाजवतो, त्यामुळे वाद्यांच्या बाजूने लिहितो.

देवगिरीच्या काळाशी इमान राखायचे, तर पहिल्याच दिवशी खोली बरीच रिकामी होईल. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात युरोपातून आला. तबला अठराव्या शतकात पुढे आला. सतार आणि व्हायोलिन यांचा तर प्रश्नच येत नाही. तंबोराही बाहेर ठेवावा लागेल, कारण आज आपण ज्याला तंबोरा म्हणतो त्याचे वर्णन शार्ङ्गदेवाच्या वाद्याध्यायात नाही.

आत काय येते ते पाहिले की मात्र मन भरून येते. एका तारेची एकतंत्री, भोपळ्यांची व पडद्यांची किन्नरी, आलापिनी, पिनाकी आणि ग्रंथकर्त्याच्या 'निःशंक' या बिरुदाची निःशंकवीणा. फुंकून वाजवायच्या वाद्यांत वंश म्हणजे बासरी, मुरली, मधुकरी, काहळा, शृंग आणि शंख. चामड्याच्या वाद्यांत पटह, मर्दल, हुडुक्का, करटा, भेरी, दुंदुभी. आणि धातूच्या वाद्यांत टाळ, घंटा, जयघंटा. पटहाचे तर मार्ग आणि देशी असे दोन प्रकार सांगितले आहेत. याहून जुनी साक्ष हवी असेल त्यांनी औरंगाबाद लेण्यांतील सातव्या क्रमांकाच्या लेण्यात जावे; तिथे मध्यभागी नर्तकी आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाजवणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. हातांची ठेवण इतकी नेमकी आहे की वाजवणाऱ्या माणसाला त्यातला बोल जवळजवळ ऐकू येतो.

यातली सर्व वाद्ये नाहीशी झाली असे समजू नये. शेजारच्या तेलंगणात किन्नेरा हे भोपळ्याचे तंतुवाद्य लोककलावंतांच्या हाती आजही आहे. १९५६ पर्यंत आपण त्यांच्यासह एकाच हैदराबाद राज्यात होतो, त्यामुळे ते मला परके वाटत नाही. आपल्याकडे डक्कलवार मंडळी किंगरी हे तंतुवाद्य वाजवत जांबपुराण सांगत आली आहेत. ज्याला या कामात खरा रस आहे त्याने ल्यूटच्या आवाजाचे संगणकीय नमुने विकत घेण्याआधी या लोकांच्या दारात जाऊन बसावे असे माझे स्पष्ट मत आहे.

उदगिरी (मूळ उदगीर, सध्या पुणे)

चर्चा रंगते आहे, पण एक सावधगिरीची सूचना करणे मला आवश्यक वाटते. 'संगीतरत्नाकरा'त २६४ रागांची गणना आहे आणि त्यांत भैरव, हिंदोल, वसंत, श्रीराग, गुर्जरी, तोडी अशी आपल्या परिचयाची नावे आहेत. नाव टिकले म्हणून स्वरही तेच टिकले असे मानता येत नाही. ग्रंथात सरगमने लिहिलेल्या सुरावटी आहेत, परंतु त्या गाताना घेतलेली गमके (स्वरांचे हेलकावे), लय आणि आवाजाचा लगाव कागदावर उतरलेला नाही. तेव्हा आपण जे काही करू त्याला 'यादवकालीन शैली' असे छातीठोकपणे म्हणू नये.

युरोपातही हीच स्थिती आहे. तिकडच्या मठांतल्या जुन्या स्वरचिन्हांतून सुरावटीची चढउतर कळते, लय बहुतेक वेळा कळत नाही. ग्विडो या इटालियन साधूने अकराव्या शतकात रेषांवर स्वर लिहिण्याची रीत बसवल्यावर स्वरांची जागा निश्चित झाली, तरी ठेक्याचा प्रश्न पुढे बराच काळ राहिला. आज मध्ययुगीन म्हणून जे खानावळीतले उत्साही संगीत ऐकवले जाते, त्यातले बरेचसे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या नृत्यांच्या वळणाचे आहे. श्रोत्याला ते जुने वाटते, एवढीच त्याची पात्रता आहे.

आणखी एक शंका विचारतो. तंबोरा काढून टाकला तर गायक उभा कशावर राहणार? आधारस्वराविना आपले कान स्वराला स्वर म्हणायलाच तयार होत नाहीत.

बालाघाट (अंबाजोगाई)

उदगिरी सर, आपला पहिला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. आपण जे करू ते कल्पनेचेच काम असेल आणि तसे ते लिहिलेही पाहिजे. पण कल्पनेलाही नियमांची चौकट असली तर तिला बळ येते, आणि ती चौकट ग्रंथात आहे.

तंबोऱ्याचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरात जुन्या आणि नव्या संगीतातला मुख्य फरक दडलेला आहे. आज आपण एक षड्ज पक्का धरतो आणि राग बदलला की त्या षड्जावर वेगळे कोमल-तीव्र स्वर मांडतो. शार्ङ्गदेवाच्या मांडणीत ग्राम आणि मूर्च्छना आहेत. म्हणजे स्वरांची एक रांग ठरलेली असते आणि त्या रांगेतल्या वेगवेगळ्या स्वरांवरून आरंभ करून वेगवेगळी रूपे मिळतात. रागाची ओळख ग्रह, अंश आणि न्यास यांवरून, म्हणजे कोणत्या स्वरावर सुरुवात होते, कोणता स्वर सत्ता चालवतो आणि कोणत्या स्वरावर विसावा मिळतो यांवरून ठरते. युरोपातील चर्चचे आठ स्वरप्रकारही याच जातीचे आहेत. तेच पांढऱ्या पट्ट्यांचे स्वर, फक्त शेवटचा विसावा निराळा. पहिल्या लेखात मी ज्या संचलनाविषयी लिहिले, ते आज मायनर म्हणवल्या जाणाऱ्या स्वरांत बसते, पण तो प्रकार त्या आठांत नव्हता. ग्लारेआनुस या स्विस विद्वानाने १५४७ मध्ये त्याला स्वतंत्र नाव दिले. त्याआधीच्या गायकाने ती चाल 'डी' या स्वरावर विसावणाऱ्या प्रकारात, 'बी' कोमल करून लिहिली असती.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. सुधीर फडके यांनी 'भाभी की चूडियाँ' (१९६१) या चित्रपटासाठी बांधलेले आणि लता मंगेशकर यांनी गायलेले 'ज्योति कलश छलके' हे गीत भूप-देशकाराच्या पाच स्वरांत आहे: सा, रे, ग, प, ध. हीच रांग कायम ठेवून गंधाराला घर मानले, तर पूर्वीचा पंचम आता कोमल गंधार होतो, धैवत मध्यम होतो, वरचा षड्ज कोमल धैवत होतो आणि वरचा ऋषभ कोमल निषाद होतो. हा मालकंस झाला. 'बैजू बावरा'तील महंमद रफी यांनी गायलेले प्रसिद्ध भजन याच मालकंसात आहे. एका चित्रपटातली पहाटेची चाल आणि दुसऱ्या चित्रपटातली आर्त हाक यांच्या स्वरांची रांग एकच आहे; भेद केवळ विसाव्याच्या जागेचा.

तंबोऱ्याने एकच षड्ज सतत कानावर घातला की हे पाहता येत नाही. तो बाजूला ठेवला आणि किन्नरीसारख्या वाद्यावर ती पाच स्वरांची रांग मोकळी सोडली, तर गायकाला एका कडव्यात एका घरी आणि दुसऱ्या कडव्यात दुसऱ्या घरी विसावता येईल. माझ्या मते हे करून पाहणे हाच या प्रयोगाचा गाभा असावा.

गोदातीर (नांदेड)

आता मला विषय उमगला. नांदेडच्या बाजूने एक भर घालतो. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे संत नामदेव यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत आणि ती रागांच्या नावांखालीच मांडलेली आहेत. शीख कीर्तनात हार्मोनियम रूढ होण्याआधी रबाब, सारंदा, ताऊस या तंतुवाद्यांची साथ असे आणि अलीकडे ती परत आणण्याचे प्रयत्न रागी मंडळी, म्हणजे हे कीर्तन गाणारे, निष्ठेने करत आहेत. वाद्य बदलले की गळाही बदलतो, हे त्यांच्याकडून ऐकल्यावर पटते: हार्मोनियमच्या पट्ट्या सोडून तारेच्या मागे जाणारा आवाज दोन स्वरांमधली जागा भरून काढू लागतो.

जात्याची घरघर (परभणी)

सर्वांचे लेखन वाचले. पुष्कळ शिकायला मिळाले. तरी एक गोष्ट खटकली ती सांगते. आपण सारे जण मध्ययुग म्हणजे राजाचा दरबार आणि त्यातला ग्रंथ एवढेच धरून चाललो आहोत. माझ्या आजीच्या आणि तिच्या आधीच्या बायकांच्या गळ्यातले मध्ययुग यात कुठे आहे?

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असे स्वच्छ सांगितले आहे. आपल्या शार्ङ्गदेवानेही प्रबंधाध्यायात ओवीला स्थान दिले आहे आणि ती देशभाषेत गातात असे म्हटले आहे. म्हणजे ज्या ग्रंथाच्या दाराशी तुम्ही निघाला आहात, त्याच्या आत ओवी आधीच बसलेली आहे. तिथून ज्ञानदेवांच्या १२९० मधल्या ग्रंथापर्यंत आणि गंगाखेडच्या जनाबाईपर्यंत ती कशी गेली हे मी सांगायला नको. पारी या संकेतस्थळावर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह ठेवलेला आहे आणि त्यात आमच्या परभणी जिल्ह्यातले आवाजही आहेत. प्रत्येकाने ते ऐकावेत.

ओवीच्या चालीचे नियम ग्रंथात पाहावे लागत नाहीत, ते जात्याने ठरवलेले आहेत. चाल चार-पाच स्वरांपलीकडे जात नाही, कारण दळताना श्वास मोकळा नसतो. ओळीचा भार खुंटा पुढे ढकलताना येतो आणि हात अंगाकडे येताना स्वर सैल सुटतो. मधेच 'गं', 'बाई', 'सईबाई' असे संबोधन येते ते भरीचे नसते. तिथे पुढची ओळ सुचायला आणि दम घ्यायला जागा मिळते. दुसरी बाई ती ओळ उचलते तेव्हा पहिलीचा शेवटचा स्वर अजून चालू असतो. दोन स्वर एकमेकांवर पडतात ते तेवढ्यापुरतेच.

आता 'ज्योति कलश छलके'चा विचार करा. ते फार मोठ्या पल्ल्याचे गाणे आहे. लताबाईंच्या गळ्यासाठी बांधलेले. ते जसेच्या तसे जात्यावर बसणार नाही. मुखड्यातली पहिली वळणे तेवढी घ्यावी लागतील, वरच्या सप्तकात जाणारा भाग खाली आणावा लागेल आणि ताना सोडाव्या लागतील. मी ते दोन जणींना घेऊन म्हणून पाहिले. शब्द आमचे घातले, कारण मूळचे हिंदी शब्द जात्याच्या वजनावर येत नाहीत:

पहिली माझी ओवी गं, गोदाबाईच्या पाण्याला
जातं फिरतं गरगर, सूर देतं गाण्याला

चाल ओळखू येते. आणि ती आमचीच वाटते, हे मी मुद्दाम सांगते.

मांजराकाठ (लातूर)

ताई, हे फारच मोलाचे लिहिलेत. शब्दांचा मुद्दा तिकडेही आहेच. इंग्रजी गाण्यांना जुन्या वळणाची इंग्रजी नेसवतात तेव्हाच ती खुलतात. दरबारी रूप करताना आपणही यादवकाळच्या मराठीचा, म्हणजे 'लीळाचरित्रा'च्या भाषेचा, विचार करायला हवा.

वेरूळघाट (खुलताबाद)

मला आणखी एका दिशेकडे लक्ष वेधायचे आहे. देवगिरीचे मध्ययुग यादवांबरोबर संपले नाही. अल्लाउद्दीन १२९६ मध्ये प्रथम इथे आला आणि महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानीच दौलताबादेस हलवली. दिल्लीहून जे लोक आले त्यांत चिश्ती परंपरेचे सूफी होते. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब यांचा १३३७ मध्ये अंत झाला आणि त्यांचा दर्गा आमच्या खुलताबादेत आहे. अमीर खुसरोंचे मित्र आणि फारसीतले नामवंत कवी अमीर हसन सिज्जी यांची कबरही इथेच आहे. बुरहानुद्दीन यांना समाची, म्हणजे भक्तिगीतांच्या श्रवणाची, मोठी ओढ होती. देवगिरीचा गोपाल नायक आणि खुसरो यांची दिल्लीत गाठ पडल्याची कथा गायकांच्या परंपरेत आजही सांगितली जाते.

म्हणून माझी विनंती अशी की, चित्रपटांतल्या कव्वालीलाही या प्रयोगात घ्यावे. तिच्यातला हार्मोनियम आणि ढोलक काढले की उरते ती डफाची थाप, टाळ्या आणि एकाने ओळ टाकून इतरांनी ती झेलण्याची रीत. ही रीत आणि जात्यावरची ओवी उचलण्याची रीत यांत मला फार अंतर वाटत नाही. या मातीत दोन्ही एकाच शतकात ऐकू येत होत्या.

बालाघाट (अंबाजोगाई)

जात्याची घरघर ताईंनी आणि वेरूळघाट यांनी माझ्या प्रश्नाचा पैस वाढवला, त्याबद्दल दोघांचे मनापासून आभार. आता दरबारी रूपाकडे वळून मी ज्या गोष्टीवर अधिक विचार केला आहे ती सविस्तर लिहितो.

चित्रपटगीताचा सांगाडा आपल्याला पाठ आहे: आरंभीचे वाद्यसंगीत, मुखडा, मधले वाद्यसंगीत, अंतरा, पुन्हा मुखडा. शार्ङ्गदेवाच्या काळातील प्रबंधाचे चार धातू, म्हणजे भाग, असे: उद्ग्राह, मेलापक, ध्रुव आणि आभोग. उद्ग्राहात गीत उचलले जाते, मेलापक त्याला ध्रुवाशी जोडतो, ध्रुव पुन्हा पुन्हा येतो आणि आभोगात रचना पूर्ण होते. यांपैकी मेलापक आणि आभोग वगळता येतात. उद्ग्राह आणि ध्रुव यांना मात्र पर्याय नाही. काही प्रकारांत ध्रुव आणि आभोग यांच्यामध्ये 'अंतर' नावाचा आणखी एक धातू येतो. मुखडा ध्रुवाच्या जागी सहज बसतो. अडचण मधल्या वाद्यसंगीताची आहे. पन्नास-साठ व्हायोलिनांनी भरलेली ती जागा रिकामी ठेवली तर गाणे लंगडे होते, आणि एकट्या बासरीने भरली तर ते गरीब वाटते.

याचे उत्तर प्रबंधाच्या सहा अंगांत आहे: स्वर, बिरुद, पद, तेनक, पाट आणि ताल. शब्दार्थ असलेले पद हे सहांतले केवळ एक अंग. सरगम हे स्वर, स्तुतीची विशेषणे हे बिरुद, 'तेन तेन' अशी मंगल अक्षरे हे तेनक आणि वाद्यांचे बोल तोंडाने म्हणणे हे पाट. म्हणजे ज्या जागी चित्रपटात वाद्यवृंद वाजतो, तिथे तोच गायक पटहाचे बोल म्हणेल, मग सरगम घेईल, मग 'तेन तेन' करत ध्रुवावर येईल. वाद्यवृंदाचे काम मानवी आवाज करील आणि तेही ग्रंथाच्या नियमाला धरून. गीताच्या शेवटी, आभोगात, रचनाकाराचे नाव गुंफण्याची प्रथा होती. तिथे मूळ चालीच्या संगीतकाराचे नाव गुंफावे असे मला फार वाटते. सुधीर फडके यांच्या चालीच्या आभोगात त्यांचे नाव आले, तर ही उसनी घेतलेली चाल कोणाची आहे हे ऐकणाऱ्याला गाण्यातूनच कळेल, आणि श्रेय देण्याची ही रीत आजच्या कोणत्याही श्रेयनामावलीपेक्षा सुंदर आहे.

आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या पदांवरही रागांची नावे आहेत. ते १५५१ ते १६१५ या काळातले, म्हणजे देवगिरीच्या तीन शतके नंतरचे. परंतु मराठी शब्द रागात कसा बसवावा हे पाहण्यासाठी त्यांची पदे मला जवळची पडतात.

दिवटी (तुळजापूर)

गोंधळाचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? संबळ, तुणतुणे आणि टाळ एवढ्यावर आमच्याकडे रात्र उभी राहते. 'संगीतरत्नाकरा'च्या नृत्याध्यायात गौंडली नावाचे नृत्य आहे आणि त्याचे नाते गोंधळाशी जोडणारे अभ्यासक आहेत.

माझ्या मनात 'सैराट' (२०१६) आहे. अजय-अतुल यांनी त्या चित्रपटाच्या संगीतासाठी हॉलिवूडमध्ये जाऊन सिंफनी वाद्यवृंद वापरला आणि करमाळ्याकडच्या गोष्टीला तो शोभलाही. त्यांच्या चालींचे मूळ लोकसंगीतात घट्ट रुजलेले असल्यामुळे सिंफनी काढून घेतली तरी त्या कोसळणार नाहीत असा मला विश्वास आहे. 'याड लागलं' हे गीत नुसत्या तुणतुण्यावर, संथ लयीत, दुसऱ्या गोंधळ्याने शेवटचा शब्द झेलत गायले तर ते कसे होईल, याची कल्पना करून पाहा.

उदगिरी (मूळ उदगीर, सध्या पुणे)

मी सावधगिरीने सुरुवात केली होती, आता उत्साहाने भर घालतो. शार्ङ्गदेवाने १२० देशी ताल दिले आहेत. त्यांची यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली आणि ती ऑलिव्हिए मेसियां (१९०८–१९९२) या फ्रेंच संगीतकाराच्या हाती पडली. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या ताब्यात युद्धकैदी होता. तिथे त्याने रचलेली आणि जानेवारी १९४१ मध्ये त्याच छावणीत प्रथम सादर झालेली चौघा वादकांची रचना आज विसाव्या शतकातील महत्त्वाच्या कृतींमध्ये गणली जाते, आणि तिच्या पहिल्याच भागात पियानो रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे आपल्या देवगिरीच्या ग्रंथातले ताल वाजवतो. ज्या तालांनी तिकडे एवढे काम केले, ते इथल्या पखवाजावर ऐकू यावेत अशी माझी मांजराकाठ यांना आग्रहाची विनंती आहे. चित्रपटगीताचा केरवा किंवा दादरा तसाच ठेवला, तर बाकी सारे बदलूनही कानाला आजचेच गाणे ऐकू येईल.

मांजराकाठ (लातूर)

आग्रह मान्य आहे. मात्र देशी तालांची मात्रागणना लघु, गुरू, प्लुत आणि द्रुत यांनी होते. तिच्यात केरव्यासारखा गोल फिरणारा ठेका नसतो. त्यामुळे चालीतले शब्द लांब-आखूड करावे लागतील आणि ते गाणाऱ्याने आधी हातावर म्हणून पाहावे लागतील. दरबारी रूपासाठी मी हे करीन. ओवीच्या रूपात माझा काहीच संबंध येऊ नये असे मला वाटते. तिथे जात्याचाच ताल असावा.

बालाघाट (अंबाजोगाई)

मग असे ठरवू या. 'ज्योति कलश छलके'च्या मुखड्यावर दोन रूपे करायची: एक प्रबंधाचे, एक ओवीचे. दिवटी यांनी सुचवलेले तुणतुण्यावरचे रूप आणि वेरूळघाट यांनी सुचवलेली कव्वाली ही त्यानंतरची कामे. मूळ चालीचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घेतल्याशिवाय काहीही जाहीर करायचे नाही. किन्नेऱ्यासाठी मी तेलंगणातल्या कलावंतांशी बोलणी करतो.

उदगिरी (मूळ उदगीर, सध्या पुणे)

ध्वनिमुद्रणाविषयी एक सांगावेसे वाटते. प्रत्येकाचा आवाज वेगळा मुद्रित करून नंतर जोडण्याची आजची पद्धत इथे वापरू नये. कानात लयीची टिकटिक घेऊन गायलेली ओवी श्वासाबरोबर पुढेमागे होत नाही, आणि संगणकाने सूर सरळ करून दिले तर मूर्च्छनेतून मिळालेले स्वर पुन्हा पेटीच्या पट्ट्यांवर जाऊन बसतील. सर्वांनी एका खोलीत, एकत्र गावे.

जात्याची घरघर (परभणी)

सहमत आहे. आमच्या रूपासाठी खरे जाते चालू असलेले घर मी पाहून ठेवले आहे. फक्त बालाघाट दादांना एक सांगणे आहे. किन्नेरा जुळवताना पेटीवरची काळी दोन किंवा पांढरी चार अशी पट्टी आधी ठरवू नका. जात्यावर बायका ज्या उंचीवर गातात ती त्या दिवशीच्या गळ्यावर आणि दळणाच्या जडपणावर ठरते. बाजरी असली तर आवाज खाली असतो, डाळ भरडायची असली तर वर जातो. दोन ओव्या होऊ द्या आणि मग तार लावा.